काटा तपासणाऱ्याची परीक्षा : आपल्या मुलांनी का द्यावी, तयारी कशी करावी

वजनकाट्याशी आपल्या समाजाचा संबंध रोजचा आहे. भिवंडी-मालेगावात सूत तोलले जाते, कुर्ल्यात भंगार तोलले जाते, कोकणच्या बंदरांवर मासळी तोलली जाते. बागवानांच्या गाळ्यावर फळे, कुरेशी बिरादरीच्या दुकानात मटण, कारागिराच्या पेढीवर सोने. ज्या घरात काटा नाही असे व्यापारी घर आपल्याकडे शोधून सापडणार नाही. असे असूनही हा काटा बरोबर आहे की नाही हे ठरविणारा सरकारी अधिकारी बाजारात आला, की दुकानादुकानांतून धावपळ सुरू होते. शिक्का केव्हा मारून घेतला होता, कागद कुठे ठेवला आहे, याची शोधाशोध होते.

हा अधिकारी आपल्याला पाहुणा म्हणून माहीत आहे. तो काय शिकून आला, कोणती परीक्षा देऊन आला, काटा कोणत्या क्रमाने तपासतो, याची माहिती मात्र फारच थोड्यांना असते. त्यामुळे दोन नुकसाने होतात. पहिले असे, की प्रामाणिक दुकानदारही अज्ञानामुळे दंडाला पात्र होतो. दुसरे असे, की ज्या मुलांचे बालपण काट्यामागे गेले ती विज्ञानाचे पदवीधर झाल्यावरही या नोकरीचा विचार करीत नाहीत. हा लेख मुख्यतः त्या मुलामुलींसाठी आहे. त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही तो वाचावा, कारण परीक्षेला जे लागते तेच दुकानालाही लागते.

हे काम आपल्याला परके नाही

कुरआन शरीफमध्ये सूरह अल्-मुतफ्फिफीन आहे. मापातोलात कमी देणाऱ्यांच्या नावानेच ती ओळखली जाते. हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांनी मदयनच्या लोकांना ज्या गोष्टींबद्दल बजावले, त्यांत वजनमाप पुरे देण्याची गोष्ट ठळक आहे. पुढे मुस्लिम राज्यांत 'मुहतसिब' हा बाजाराचा अधिकारी असे आणि वजने, मापे व तराजू तपासणे हे त्याच्या कामाचे मोठे अंग होते. त्याने तपासणी कशी करावी यावर अरबी भाषेत स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले.

मर्व येथील विद्वान अल्-खाझिनी यांनी सन ११२१ च्या सुमारास 'मीज़ान अल्-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. तराजूची रचना, त्याची संवेदनशीलता, पाण्यात तोलून धातूचा खरेखोटेपणा ओळखण्याची रीत, या सर्वांचे त्यात विवेचन आहे. म्हणजे काटा तपासणे ही आपल्याकडे शास्त्राची आणि दीनदारीची, दोन्ही बाबतींतली जुनी जबाबदारी आहे. आज ती कायद्याच्या चौकटीत आली आहे, एवढाच फरक.

कायद्याची वाटचाल

स्वातंत्र्यापर्यंत देशात शेर, मण, तोळा यांचे गावोगाव वेगळे हिशेब होते. ८० तोळ्यांचा शेर हा सर्वांत प्रचलित. तो सुमारे ९३३ ग्रॅमचा भरतो. १९५६ साली प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. पुढे १९७६ चा व १९८५ चा असे दोन कायदे आले. त्यांची जागा 'वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९' ने घेतली आणि हा कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याखाली २०११ मध्ये सर्वसाधारण नियम, आवेष्टित वस्तूंचे म्हणजे पाकीटबंद मालाचे नियम आणि महाराष्ट्राचे अंमलबजावणी नियम झाले.

परीक्षार्थीने ही नावे व वर्षे पाठ करावीतच, शिवाय त्यांतला कार्यभागही समजून घ्यावा. अधिनियम गुन्हा व अधिकार सांगतो. सर्वसाधारण नियम काटे, वजने व मापे कशी असावीत, त्यांत किती चूक चालेल आणि फेरपडताळणी किती काळाने करावी हे सांगतात. राज्याचे नियम परवाने, फी व कामाची पद्धत सांगतात. कोणता प्रश्न कोणत्या पुस्तकातला, हे ज्याला चटकन कळते त्याचा अर्धा अभ्यास झालेला असतो. दंडाच्या रकमा मात्र दुरुस्त्यांनी बदलतात, म्हणून जुन्या गाइडवर विसंबू नये. अभ्यासाला बसताना कायद्याची ताजी प्रतच घ्यावी.

पात्रता आणि दोन टप्पे

केंद्राच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे वैध मापन अधिकारी होण्यासाठी भौतिकशास्त्र हा एक विषय असलेली विज्ञान शाखेची पदवी, किंवा तंत्रशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी, किंवा अभियांत्रिकीची पदविका व तीन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. येथे आपल्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बारावीनंतर बी.एस्सी. करताना मूल भौतिकशास्त्र सोडून देते, तेव्हा हा दरवाजा त्याच्यासाठी बंद होतो. विषय निवडतानाच हा विचार व्हावा.

पहिला टप्पा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा. 'निरीक्षक, वैधमापन शास्त्र' या पदासाठी आयोग जाहिरात काढतो. २०२३ साली हे पद राजपत्रित नागरी सेवेच्या संयुक्त पूर्व परीक्षेत समाविष्ट होते आणि त्याची मुख्य परीक्षा वेगळी होती. परीक्षेची रचना आयोग वेळोवेळी बदलतो. म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची जाहिरात व अभ्यासक्रम शब्दन् शब्द वाचावा. वयोमर्यादा, शुल्क आणि कागदपत्रे यांबाबत शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

दुसरा टप्पा प्रशिक्षणाचा. रांची येथे भारतीय वैध मापनशास्त्र संस्था आहे. तेथील मूलभूत प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्याशिवाय निरीक्षकाला स्वतंत्रपणे काम सोपविता येत नाही, असा नियम आहे. आयोगाची परीक्षा पास झाली म्हणजे काम संपले, असे समजणारे उमेदवार येथे अडखळतात. काट्याची खरी परीक्षा येथे होते आणि आपल्या मुलांना घरच्या धंद्याचा उपयोग होतो तोही येथेच.

कागदपत्रांबद्दल दोन शब्द. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा काही मुस्लिम व्यावसायिक जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमिलेयरचा दाखला यांना महिने लागतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जमातीऐवजी नुसते 'मुसलमान' लिहिले असेल, तर आजोबा-पणजोबांचे जुने कागद शोधावे लागतात. जाहिरात निघाल्यावर या कामाला लागणारा उमेदवार मागे राहतो. आजच सुरुवात करावी.

पहिला धडा : काट्याची पाटी वाचणे

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक पाटी असते. तिच्यावर बनविणाऱ्याचे नाव, यंत्राचा क्रमांक, मॉडेल-मान्यतेचा क्रमांक, अचूकतेचा वर्ग, कमाल भार, किमान भार आणि 'ई' या अक्षरापुढे एक आकडा असतो. हा 'ई' म्हणजे पडताळणीसाठी धरलेला एक भाग. सगळा हिशेब याच्यावर चालतो.

अचूकतेचे वर्ग चार आहेत. पहिला वर्ग प्रयोगशाळेतल्या अतिसूक्ष्म काट्यांचा. दुसरा वर्ग सोन्या-जवाहिरासारख्या मौल्यवान मालासाठीचा. तिसरा वर्ग किराणा, फळे, मटण, सूत, भंगार, अगदी ट्रक तोलणारा धर्मकाटा, म्हणजे बाजारातले बहुतेक काटे. चौथा वर्ग ढोबळ तोलाईचा.

उदाहरण म्हणून किराणा दुकानातला नेहमीचा काटा घेऊ. कमाल ३० किलो, ई = ५ ग्रॅम, वर्ग तिसरा. या वर्गात किमान भार २० ई इतका असतो. म्हणजे २० गुणिले ५, बरोबर १०० ग्रॅम. आता विचार करा : या काट्यावर कोणी ५० ग्रॅम वेलची किंवा १० ग्रॅम केशर तोलत असेल तर? काटा बिघडलेला नाही, शिक्काही ताजा आहे, तरी त्या मालासाठी हा काटा योग्य नव्हे. ५० ग्रॅमवर पाच ग्रॅमचा एक भाग म्हणजे दहावा हिस्सा झाला. महागड्या सुक्या मेव्याचा व मसाल्याचा धंदा करणाऱ्यांनी लहान काटा वेगळा ठेवावा. परीक्षेच्या दृष्टीने किमान भार कसा काढायचा हे पक्के करावे.

दुसरा धडा : किती चूक चालते

कोणताही काटा शंभर टक्के बिनचूक नसतो. कायद्याला हे ठाऊक आहे, म्हणून त्याने मर्यादा घालून दिली आहे. तिसऱ्या वर्गाच्या काट्याला पहिल्या पडताळणीच्या वेळी ही मर्यादा अशी :

भार शून्यापासून ५०० ई पर्यंत असेल तर अर्धा ई. ५०० ई च्या वर २,००० ई पर्यंत असेल तर एक ई. २,००० ई च्या वर १०,००० ई पर्यंत असेल तर दीड ई.

आपल्या ३० किलोच्या काट्याला हे लावून पाहू. ५०० ई म्हणजे अडीच किलो. तेथपर्यंत चूक अडीच ग्रॅमच्या आत हवी. २,००० ई म्हणजे १० किलो. अडीच ते १० किलोपर्यंत चूक ५ ग्रॅमच्या आत हवी. १० ते ३० किलोपर्यंत साडेसात ग्रॅमच्या आत. काटा वापरात आल्यावर अचानक तपासणी झाली तर ही मर्यादा दुप्पट धरतात, म्हणजे अनुक्रमे ५, १० आणि १५ ग्रॅम.

येथे उमेदवार दोन ठिकाणी फसतात. एक, पडताळणीची मर्यादा आणि वापरातली मर्यादा यांची गल्लत होते. प्रश्नात 'नवा काटा', 'फेरपडताळणी', 'तपासणी' यांतला कोणता शब्द आहे तो आधी पाहावा. दोन, मर्यादा दोन्ही बाजूंना असते हे विसरले जाते. आपल्याकडे दुकानदार म्हणतो, "काटा गिऱ्हाइकाला जास्त देतो, मग माझा गुन्हा कसला?" सवाब म्हणून झुकते माप देणे ही दुकानदाराची मर्जी आहे आणि ती चांगलीच आहे, पण ते हाताने द्यावे. काटा स्वतः मर्यादेबाहेर चुकत असेल, मग तो कोणाच्याही बाजूने चुको, तो नापासच होतो. आज विकताना जास्त देणारा काटा उद्या खरेदी करताना त्याच दुकानदाराला कमी दाखवून समोरच्याचा माल जास्त घेईल, हेही लक्षात घ्यावे.

तिसरा धडा : तपासणीचा क्रम

निरीक्षकाचे कौशल्य क्रमात आहे. क्रम चुकला की निष्कर्ष चुकतो.

प्रथम नुसते पाहावे. पाटी आहे का, शिक्का व सील शाबूत आहे का, प्रमाणपत्र दर्शनी जागी लावले आहे का, काटा सपाट जागी आहे का, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आहे का, वर पंखा किंवा शेजारी वारा आहे का, गिऱ्हाइकाला आकडे दिसतात का. मग पारडे रिकामे करून शून्य पाहावे.

दुसरे, तोच भार पुन्हा पुन्हा ठेवून पाहावा. दर वेळी वाचन जवळजवळ सारखे आले पाहिजे. दोन वाचनांतला फरक त्या भाराच्या मर्यादेपेक्षा जास्त नसावा. एकाच वजनाला काटा कधी एक कधी दुसरे सांगत असेल, तर पुढचे तपासणे व्यर्थ आहे.

तिसरे, कोपरे तपासावेत. चार टेकूंच्या काट्यावर कमाल भाराच्या सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे आपल्या काट्यावर १० किलो, पारड्याच्या चारही भागांत आळीपाळीने ठेवावा. मधोमध बरोबर सांगणारा काटा कोपऱ्यात चुकलेला पुष्कळदा आढळतो. मोठी पोती किंवा ताटे काट्याच्या कडेला टेकविणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

चौथे, भार चढवीत जावे आणि मग उतरवीत यावे. किमान भार, कमाल भार आणि जेथे मर्यादा बदलते ते टप्पे चुकवू नयेत. ३० किलोच्या काट्यावर १०० ग्रॅम, अडीच किलो, १० किलो, २० किलो आणि ३० किलो असे टप्पे घेता येतात. फक्त १ किलोचे वजन ठेवून 'काटा बरोबर आहे' म्हणणे ही दुकानदाराची सवय झाली. ती घेऊन परीक्षेला जाऊ नये.

पाचवे, काटा बारीक बदल ओळखतो का ते पाहावे. स्थिर भारावर वाचनाच्या एका भागाच्या १.४ पट वजन, म्हणजे येथे ७ ग्रॅम, अलगद वाढविले की वाचन बदललेच पाहिजे.

तपासणीची वजने स्वतः किती खरी आहेत हा प्रश्नही परीक्षक विचारतो. नियम असा, की तपासणीच्या वजनांतली चूक ही काट्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावी.

चौथा धडा : आकड्यामागची लपलेली चूक

इलेक्ट्रॉनिक काटा ५-५ ग्रॅमच्या उड्या मारतो. समजा १० किलोचे प्रमाणित वजन ठेवले आणि काट्याने १०.००० दाखविले. खरी चूक शून्य आहे का? सांगता येत नाही. खरे वाचन ९.९९८ असेल किंवा १०.००२ असेल, काटा दोन्हींना १०.००० च दाखवील.

यासाठी युक्ती अशी आहे : ई च्या दहाव्या हिश्शाची, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची, लहान वजने एकेक करून वर ठेवीत जावीत. समजा तीन वजने, म्हणजे दीड ग्रॅम, ठेवल्यावर आकडा १०.००५ झाला. आता हिशेब करा. दाखविलेले वाचन अधिक अर्धा ई वजा वाढविलेले वजन : १०,००० अधिक २.५ वजा १.५, म्हणजे १०,००१ ग्रॅम. काटा १ ग्रॅम जास्त दाखवितो. मर्यादा ५ ग्रॅमची आहे, म्हणून काटा पास. हे गणित वेगवेगळे आकडे घेऊन पन्नासदा सोडवावे. हात बसला की परीक्षेत दोन मिनिटेही लागत नाहीत.

पाचवा धडा : जुन्या तराजूचे भौतिकशास्त्र

दांडीचा तराजू बाजारातून कमी झाला असला तरी अभ्यासातून गेलेला नाही. आपल्या कारागिरांना 'पासंग' माहीत आहे. हलक्या पारड्याला बांधलेला तो तुकडा रिकामी पारडी सारखी करतो. पण दांडीच्या दोन भुजा लहानमोठ्या असतील तर पासंग लावून तो दोष जात नाही. रिकामे पारडे सरळ दिसते आणि माल ठेवला की चूक निघते. 'दांडी मारणे' हा आपला वाक्प्रचार दांडीच्या या करामतींची आठवण देतो.

त्यावर तपासणी म्हणजे अदलाबदल. माल व वजन यांची पारडी बदलावीत. समजा एक भुजा २०० व दुसरी २०२ मिलिमीटर आहे. तर १ किलोचा माल एका पारड्यात सुमारे १०१० ग्रॅम भरेल व दुसऱ्यात सुमारे ९९० ग्रॅम. खरे वजन काढायचे तर दोन्ही वाचनांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावे. ते १ किलोच येईल. हे भौतिकशास्त्राचे साधे तरफेचे गणित आहे आणि विद्यार्थ्याला ते सुटलेच पाहिजे.

आणखी एक प्रश्न. दांडीचा तराजू दिल्लीहून मुंबईला आणला तर तो बदलत नाही, कारण तो वजनाशी वजन ताडतो. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र आतल्या लोडसेलवर पडणारा दाब मोजतो आणि तो दाब गुरुत्वाकर्षणावर अवलंबून आहे. मुंबईपेक्षा दिल्लीला गुरुत्वाकर्षण किंचित जास्त आहे. दिल्लीत जुळविलेला काटा तसाच मुंबईत आणला तर १० किलोला सुमारे ५ ग्रॅम कमी दाखवील. म्हणून काटा जेथे वापरायचा तेथेच जुळवून व तपासून घ्यावा. बाहेरगावाहून स्वस्तात काटा आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सहावा धडा : किलो कोठून येतो

निरीक्षकाच्या पेटीतली वजने ही कार्यकारी मानके. ती दुय्यम मानकांशी ताडली जातात, दुय्यम मानके संदर्भ मानकांशी, आणि संदर्भ मानके राष्ट्रीय मानकाशी. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत भारताचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम आहे. अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी येथे प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळा आहेत. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून न करता प्लँकच्या स्थिरांकावरून केली जाते. जुन्या पुस्तकांत पूर्वीचीच व्याख्या सापडेल, म्हणून सावध राहावे.

दुकानदारांनी यातून काय घ्यावे

फेरपडताळणीची मुदत साधी आहे. सुटी वजने, लांबीची व धारकतेची मापे, दांडीचा तराजू आणि काउंटर मशीन यांना २४ महिने. साठवणुकीच्या टाक्यांना ५ वर्षे. इलेक्ट्रॉनिक काट्यासह बाकी सर्वांना १२ महिने. एका दुकानात वजने व इलेक्ट्रॉनिक काटा दोन्ही असतील तर दोन तारखा होतात. त्या गल्ल्याच्या वर लिहून ठेवाव्यात. ज्यांनी कधी मापात पाप केले नाही, असे लोकसुद्धा नुसत्या चुकलेल्या तारखेमुळे अडचणीत येतात.

मिठाई, सुका मेवा किंवा मटण खोक्यासह वा पिशवीसह तोलू नये. आधी रिकाम्या खोक्याचे वजन वजा करावे. अत्तराची विक्री तोळ्यावर व कापडाची वारावर सांगण्याची सवय सोडून मिलिलिटर, ग्रॅम व मीटर वापरावेत, कारण कायद्याला प्रमाणित एकक हवे असते. काटा बिघडला तर सील स्वतः तोडू नये. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा शिक्का मारून घ्यावा.

पदवी नसलेल्या कारागिरांसाठी

काटे दुरुस्त करणारे कारागीर आपल्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण कायद्याने काटे बनविणे, विकणे आणि दुरुस्त करणे या तिन्हींसाठी परवाना लागतो. बिनपरवाना हुन्नर कितीही चांगला असला तरी तो चोरीचा ठरतो. जिल्ह्याच्या वैध मापनशास्त्र कार्यालयात चौकशी करून परवान्याचा अर्ज, लागणारी अवजारे व तपासणीची वजने यांची यादी घ्यावी. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला मुलगा आणि दांडी घासून जुळविणारे त्याचे वडील मिळून चांगले दुरुस्ती केंद्र चालवू शकतात.

२०१३ साली शासनमान्य चाचणी केंद्रांचे नियम झाले. त्यांनुसार सुटी वजने, दांडीचा तराजू, काउंटर मशीन आणि तिसऱ्या वर्गाचे १५० किलोपर्यंतचे काटे अशा उपकरणांची पडताळणी मान्यताप्राप्त खासगी केंद्रांनाही करता येते. या केंद्रांना प्रशिक्षित माणसे लागतात. वरचे सहाही धडे तेथे उपयोगी पडतील.

अभ्यासाची आखणी

जाहिरातीची वाट न पाहता आठ-नऊ महिन्यांची तयारी धरावी. पहिले तीन महिने सामान्य अध्ययन, रोजचे वर्तमानपत्र आणि पदवीच्या भौतिकशास्त्राची उजळणी : तरफ, बल, घनता, द्रवांचा दाब, तापमानाने होणारे प्रसरण. पुढचे तीन महिने अधिनियम व नियम मूळ स्वरूपात वाचावेत आणि प्रत्येक कलमासमोर आपल्या बाजारातले एक उदाहरण लिहावे. उरलेला काळ आयोगाच्या मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

याच्या जोडीने आठवड्यातून एक दिवस घरच्या काट्यावर सराव करावा. सीलला हात न लावता शिक्क्याची वजने घेऊन शून्य, पुनरावृत्ती, कोपरे, चढता-उतरता भार असा क्रम पुरा करावा आणि आकडे वहीत मांडावेत. मामा-काकांच्या दुकानांतले वेगवेगळे काटे पाहावेत. ओळखीच्या धर्मकाट्यावर जाऊन ट्रक पुढे, मध्ये आणि मागे उभा केल्यावर आकडा कसा बदलतो ते बघावे. अशा दहा वह्या भरलेला उमेदवार रांचीला गेला, तर तेथले प्रात्यक्षिक त्याला नवे वाटणार नाही. शहरातला पुस्तकी विद्यार्थी ज्या ठिकाणी बिचकतो तेथे आपला मुलगा सरावलेला असेल. मुलींनीही मागे राहू नये. दुकानात मुलगी बसत नसली तरी घरचा काटा तिच्या अभ्यासाला उपलब्ध असावा.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. निरीक्षकाच्या हाती शिक्का असतो, आणि शिक्क्यापाठोपाठ पाकीटही समोर येते. आपल्या जातीचा अधिकारी आला की आपल्याला सूट मिळेल, या आशेने कोणी मुलाला या परीक्षेला बसवीत असेल तर त्याने बसवू नये. मुहतसिब हा बाजारातल्या लहानथोर सर्वांचा अमानतदार असे. जो मुलगा आपल्या सख्ख्या चुलत्याच्या दुकानातला चुकीचा काटाही नापास करील, त्यानेच हा मार्ग धरावा. आणि त्याच्या चुलत्यानेही त्या दिवशी नाराज न होता काटा दुरुस्तीला पाठवावा.

मशिदींच्या कमिट्या, बिरादरीच्या जमाती आणि व्यापारी मंडळे यांनी एवढे करावे : आपल्या गावातले भौतिकशास्त्र घेतलेले पदवीधर व अभियांत्रिकीचे पदविकाधारक यांची यादी करावी, अधिनियम व नियमांच्या दोन-चार प्रती विकत घेऊन वाचनालयात ठेवाव्यात आणि शिक्क्याच्या वजनांचा एक संच सरावासाठी उपलब्ध करून द्यावा. खर्च फार नाही. काट्यामागे उभे राहून आपण पिढ्या काढल्या. आता त्याच काट्याचे शास्त्र शिकलेली चार मुले प्रत्येक जिल्ह्यातून पुढे यावीत, एवढीच अपेक्षा.